दुसऱ्या भाषेच्या ऐवजी

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या मुलामुलींसमोर कला, वाणिज्य आणि विज्ञान ही तीन दारे येतात आणि त्यांतले एक निवडावे लागते. दाराच्या आत गेल्यावर विषयांची निवड, आणि तिथे कनिष्ठ महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे एक सोय जपलेली आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला इंग्रजीतून सुटका नाही. दुसऱ्या भाषेतून मात्र आहे. मराठी, हिंदी किंवा संस्कृत घेण्याऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो, नाहीतर संगणकशास्त्राचा २०० गुणांचा द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घेतला की दुसरी भाषा आपोआप गळून पडते. गुण चांगले पडतात, निबंध लिहावे लागत नाहीत, आणि घरच्यांनाही संगणकाचे नाव ऐकून बरे वाटते. शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, त्याचे स्वागतही झाले. पण ती सक्ती दहावीपर्यंतची. अकरावीच्या उंबरठ्यावर संगणक मराठीच्या सोबत येत नाही, मराठीच्या ऐवजी येतो. माझा वाद या ‘ऐवजी’ शब्दाशी आहे.

मावळातल्या एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. ती लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे शिकायला जाणारी असेल, किंवा कामशेत, वडगाव, तळेगावच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात असेल. तिला भाषांचे वेड आहे: घरची मराठी, शाळेतली इंग्रजी, शेजारच्या कातकरी वस्तीवरच्या मुलींच्या बोलण्यातले निराळे प्रत्यय. ती तबल्याच्या नाहीतर गाण्याच्या परीक्षा देत आलेली आहे. आणि आता लिहिणारी, बोलणारी, गाणारी यंत्रे पाहून ती आतून कशी चालतात हे जाणण्याची तिला ओढ लागली आहे. अशी मुलगी दुर्मीळ नाही. तिला काही उपयोगाचे सांगणारे माणूस दुर्मीळ आहे. घरात तिला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे ऐकावे लागते. तिच्या गाण्याची किंमत दहावीच्या वाढीव गुणांपुरती होते. ते पदरात पडले की परीक्षेचे प्रमाणपत्र ट्रंकेत जाते आणि तानपुरा कोपऱ्यात. भाषेचे वेड स्पर्धा परीक्षेच्या वाटेला लावले जाते. उरलेले तिसरे तेवढे ‘करिअर’ ठरते आणि त्याच्या शिकवण्या लागतात. कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंती नसाव्यात, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेले आहे. धोरण आहे, भिंतीही आहेत.

या व्यवहारी उपदेशाचा मला राग आहे. पण त्याहून अधिक राग दुसऱ्या एका प्रकारच्या उत्तेजनाचा आहे. या मुलीने एखाद्या समारंभात आपल्या तीन आवडी सांगितल्या, तर व्यासपीठावरचे कोणीतरी कौतुकाने मान डोलावतात आणि म्हणतात, यात नवे काय, हे सगळे आपल्याकडे होतेच. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचे ‘नासा’ने मान्य केले आहे. तबला बावीसशे वर्षांपूर्वीच भाज्याच्या लेण्यात कोरलेला आहे. मराठी तर अभिजातच. टाळ्या पडतात, मुलगी खाली बसते, आणि तिच्या हाती करण्यासारखे काहीही आलेले नसते.

हे दाखले एकदा नीट तपासून पाहू. १९८५ साली ‘एआय मॅगझिन’ या अमेरिकी नियतकालिकात रिक ब्रिग्ज यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या एका संस्थेत काम करत होते, एवढाच नासाचा संबंध. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडण्याची जी काटेकोर रीत घडवली, म्हणजे क्रिया कोणती, कर्ता कोण, कर्म काय, त्यांचे परस्परांशी नाते काय हे फोड करून सांगण्याची रीत, तिचे त्या काळच्या कृत्रिम बुद्धिमत्तेत वापरल्या जाणाऱ्या अर्थजालांशी साम्य आहे, असे त्यांचे म्हणणे. लेख आजही वाचण्यासारखा आहे. नासाने संस्कृत स्वीकारल्याचे मात्र त्यात कुठेही नाही. शिवाय ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी ही तुलना होती ती माणसांनी नियम लिहून देण्याची होती. आजची यंत्रे तशी शिकत नाहीत. त्यांना व्याकरण कोणी सांगत नाही. अब्जावधी शब्दांचा मजकूर त्यांच्यापुढे ओतला जातो आणि पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधत बांधत ती भाषा उचलतात. या पद्धतीत भाषा किती काटेकोर आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. तिच्यात लिहिलेले, टंकलेले, शोधता येईल असे किती आहे याला उरते. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे हे मानवी बुद्धीचे अपूर्व काम आहे. त्यावर नासाचा शिक्का असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी ती सूत्रे उघडून पाहिली असतील असे मला वाटत नाही.

भाज्याचे शिल्प मळवली स्थानकावर उतरून चालत जाऊन पाहता येते. एका विहाराच्या व्हरांड्यात, हत्तीवर बसलेल्या आकृतीच्या फलकाजवळ, एक स्त्री नाचते आहे आणि दुसरी बसून दोन्ही हातांनी वाद्ये वाजवते आहे. शिल्प सुरेख आहे. इसवी सनाच्या पूर्वी मावळात चामड्याने मढवलेली वाद्ये हाताने वाजवली जात, एवढे ते सांगते. ती कशी लावत, त्यांवरच्या आघातांना तोंडाने काय म्हणत, आवर्तन किती मात्रांचे होते, हे दगड सांगत नाही, आणि तबला तबला होतो तो शाईमुळे, बोलांमुळे, कायद्यांमुळे. नुसत्या आकारावरून वाद्याची वंशावळ लावायची तर पाटा-वरवंट्यालाही छपाईयंत्राचा पूर्वज म्हणता येईल.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची गोष्ट अशीच. तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत, वैजयंतीच्या एका श्रेष्ठीने हे लेणे जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याची ग्वाही देऊन ठेवली आहे, आणि तिथल्या राजाज्ञांत ‘मामाल’ असे जे प्रदेशनाम येते त्याचा संबंध अभ्यासक मावळाशी जोडतात. म्हणजे या मुलीच्या तालुक्याचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, मराठीच्या पूर्वजभाषेत, ब्राह्मी लिपीत, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कोरलेले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला; त्यासाठी अशाच प्राकृत शिलालेखांचे आणि गाथासप्तशतीचे दाखले वर्षानुवर्षे दिले जात होते. आनंदच आहे. पण चैत्याला लागूनच एकवीरेचे देऊळ आहे, तिथे वर्षभर माणसांची रीघ असते, आणि त्या रांगेतल्या एखाद्या मुलाला ते अक्षर लावून दाखवण्याची व्यवस्था कुठे आहे? ब्राह्मीची मुळाक्षरे चुणचुणीत मुलाला सुट्टीच्या दोन आठवड्यांत येतात. अभिमानाला मात्र तेवढा वेळ नसतो.

याच लोणावळ्यात निराळे वागून दाखवलेला एक माणूस होऊन गेला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योग आपल्याकडे होताच, हे त्यांना व्यासपीठावरच्या कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. तरी नौली करताना पोटात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा आणि दाबमापकाचा आधार घेतला, आतड्यात उत्पन्न होणारा ऋण दाब मोजला, आणि आकडे छापले. परंपरेवर प्रेम करण्याची ही एक रीत आहे, आणि ती डोंगर उतरून न जाताच शिकता येण्यासारखी आहे.

संगीतात असे उदाहरण शोधायचे तर देवगिरीपर्यंत मागे जाता येते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबाचे खाते सांभाळणारा शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहितो. सात स्वर एकेकदाच घेतले तर किती क्रम होतात, याचे उत्तर त्यात आहे: ५०४०. पण संख्या सांगून तो थांबत नाही. क्रमांक दिला असता स्वरांचा क्रम ओळखण्याची ‘नष्ट’ नावाची रीत आणि क्रम दिला असता त्याचा क्रमांक काढण्याची ‘उद्दिष्ट’ नावाची रीत तो देतो, आणि त्यासाठी ‘खंडमेरू’ हा कोठा आखून देतो. हल्लीच्या विद्यार्थ्याला हीच रीत संगणकाच्या भाषेत दहावीस ओळींत लिहिता येईल. लिहून पाहावी, फार मौज येते. देवगिरीच्या दरबाराने या हिशेबनिसाला त्याची शाखा विचारली नव्हती. पुढे १९१० साली सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेब गाऊन दाखवत आणि देवल स्वरांची मापे काढत. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले. वाद झाले, कारण वाद घालता येईल असे काहीतरी त्यांनी मोजून मांडले होते. ‘आपल्याकडे होतेच’ या विधानाशी वाद घालता येत नाही.

पण आपली विद्यार्थिनी मावळातली आहे आणि मला तिच्याकडे परत यायचे आहे. तिच्या तिन्ही आवडी एकत्र आल्याचा दाखला तिच्याच डोंगरांत आहे. तिथे जायची वाट मात्र लखनौवरून जाते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स किप्पेन हे संगीताभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्या जोडीला बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आले, आणि दोघांच्या कामातून ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली उभी राहिली. प्रश्न असा होता, की कायद्याचा विस्तार करताना वादक जे पलटे करतो त्यांतले कोणते चालतात, कोणते चालत नाहीत, आणि ते कशावरून? मूळ बोलांबाहेरचा बोल कायद्यात घेऊ नये, भरीचा भाग खालीत जाताना ‘धा’चा ‘ता’ व्हावा, शेवट मूळ कायद्याच्या शेवटाशी जुळावा, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते. हे सारे पाळूनही पलटा बेडौल होऊ शकतो. उस्ताद ऐकतात आणि ‘नाही’ म्हणतात. कारण सांगतीलच असे नाही, कारण ते त्यांनी शब्दांत कधी बांधलेलेच नसते. म्हणून संगणकाला एक व्याकरण द्यायचे, त्याने पलटे रचायचे, ते उस्तादांसमोर ठेवायचे, आणि ज्याला ‘नाही’ येईल त्यावरून व्याकरण दुरुस्त करायचे, अशी पद्धत ठरली. भाषेच्या आजच्या यंत्रांना माणसांच्या पसंती-नापसंतीवरून वळण लावले जाते, त्याचे केवढे कौतुक होते. त्याच जातीचा संवाद चाळीस वर्षांपूर्वी, एका लहानशा ॲपल संगणकाच्या आधाराने, तबल्याच्या बैठकीत चाललेला होता. त्यात वापरलेला व्याकरणाचा साचा भाषाशास्त्रातला, चॉम्स्कीच्या परंपरेतला, ज्ञान घराण्यातले, आणि पलटे रचण्याची चिकाटी यंत्राची. यांतली एक गोष्ट दुसरीच्या ऐवजी घेतली असती तर काम सुरूच झाले नसते.

हेच बेल पुढे पुण्याच्या एका कामाशी जोडले गेले. मूळचे फ्रान्सचे आणि पुण्यात कायमचे राहिलेले गी पॉइटवाँ, आणि हेमा राईरकर, यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या होत्या. आरंभ पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून झाला, मुळशीच्या खोऱ्यासारख्या भागांतून. आज मावळ हे एका तालुक्याचे नाव असले तरी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची ही सगळी खोरी जुन्या अर्थाने मावळच. तिथल्या गरीब शेतकरी-मजूर स्त्रियांशी संघटनेच्या निमित्ताने ओळख झाली, बैठका झाल्या, आणि बोलता बोलता बायका ओव्या सांगू लागल्या. काम पसरत राज्यभर गेले. वीसेक वर्षांत हजाराहून अधिक गावांतून १,१०,००० च्या आसपास ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बेल १९९० च्या दशकाच्या मध्यास आले, त्यांनी या साऱ्यासाठी संगणकीय संग्रह रचला, आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ हा संग्रह थोडा थोडा करून लोकांपुढे ठेवत आले आहे.

एवढ्या ओव्या कपाटातल्या वह्यांत पडून राहिल्या असत्या तर त्यांचे मोल कमी झाले नसते, पण त्यांना प्रश्न विचारता आले नसते. सीतेच्या वनवासाबद्दल कोणत्या गावच्या बायका काय म्हणतात? भावाचे कौतुक आणि भावजयीचे गाऱ्हाणे एकाच ओवीत येते का? एकच ओवी मुळशीत एका शब्दाने आणि मराठवाड्यात दुसऱ्या शब्दाने बांधली गेली आहे का? हे विचारायचे तर प्रत्येक ओवीला विषय लावावा लागतो, गाणारीचे नाव आणि गाव लावावे लागते, आणि ध्वनिमुद्रणातली जागा दाखवावी लागते. आणि इथेच खरी अडचण येते. वहीत लिहिलेली ओवी दोन ओळींची असते. गायलेली ओवी तशी नसते. अर्धी ओळ आधी येते, मध्ये ‘बाई’ येते, तीच ओळ पुन्हा फिरून येते, दुसरी बाई जात्याच्या खुंट्याला हात लावते आणि शेवट ती उचलते. चाल एक आणि ओव्या शंभर. ओवी एक आणि चाली गावोगाव निराळ्या. लिहिलेले आणि गायलेले यांची सांगड यंत्राकडून घालून घ्यायची असेल तर आधी कोणीतरी बसून ओवी म्हणजे काय हे ठरवले पाहिजे. तो प्रश्न अभियंत्याचा की भाषेच्या अभ्यासकाचा की गाणाऱ्याचा? अकरावीच्या अर्जाला हा प्रश्नच कळणार नाही.

आजच्या भाषायंत्रांपुढे मराठीची गत काय आहे, हे तर याहूनही साध्या पातळीवर पाहता येते. ‘मावळ’ हा शब्द देवनागरीत युनिकोडने साठवला तर बारा बाइट लागतात, कारण त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पडतात. तोच रोमन लिपीत पाचांत बसतो. यंत्र मजकुराचे तुकडे पाडते तेव्हा इंग्रजी शब्द बहुधा अखंड राहतो आणि मराठी शब्दाच्या चिंध्या होतात. त्यात आपली भाषा प्रत्यय चिकटवणारी. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मराठी कानाला एक शब्द आहे. त्याची सामान्यरूपे, शब्दयोगी आणि विभक्ती कुठे सुटतात हे दादोबांच्या व्याकरणापासून आपण शिकत आलो, पण यंत्राचे तुकडे त्या सांध्यांवर पडत नाहीत, कुठेही पडतात. ते कुठे पडावेत हे सांगायला मराठी व्याकरण आणि संगणक दोन्ही येणारे माणूस लागते. मराठी वृत्तपत्रांनी आणि प्रकाशकांनी अनेक वर्षे युनिकोडाबाहेरच्या खासगी टंकांत मजकूर जुळवला, त्यातला किती म्हणून आज जसाच्या तसा शोधता येत नाही. आणि जे कधी लिहिलेच गेले नाही, ती कातकऱ्यांची बोली, ठाकरांची गाणी, मावळातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे शेतीचे शब्द, ते यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत.

परिणाम आपण रोज वाचतो. यंत्राने लिहिलेल्या मराठीला चुका फार नसतात, कान नसतो. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ अशी सुरुवात मराठी माणूस कधी करत होता? आता करू लागला आहे, कारण जाहिराती, बातम्या, शाळेचे प्रकल्प सगळे त्याच साच्यातून येते. हे ओळखायला आणि अडवायला ज्याच्या कानात ओवी आहे असा माणूस हवा, आणि त्याचे म्हणणे यंत्र घडवणाऱ्यांनी ऐकावे यासाठी त्याला यंत्राची भाषाही यायला हवी. आपण नेमकी उलटी व्यवस्था केली आहे. ज्यांना संगणक येणार आहे त्यांची मराठी सोळाव्या वर्षी काढून घेतो आणि ज्यांची मराठी ठेवतो त्यांना संगणकापासून दूर ठेवतो.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. द्रुतगती महामार्गाने ज्यांच्या जमिनी खाल्ल्या आणि ज्यांना भाताच्या एका पिकावर भागत नाही, त्यांनी मुलीला ओव्यांचा अभ्यास कर म्हणावे, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. संगणक घे, असेच ते म्हणणार. पण ज्या हिशेबाने ही अदलाबदल वीस-पंचवीस वर्षे चालली, तो हिशेब आता तरी पुन्हा मांडावा. गुण देणारा आणि नोकरी देणारा म्हणून माहिती तंत्रज्ञानाचा जो भाग मुलांना दिला गेला, म्हणजे ठरलेल्या साच्याची आज्ञावली लिहिणे, तोच भाग ही नवी यंत्रे आज सर्वांत सहज करतात. मराठी देऊन जे विकत घेतले त्याचा भाव उतरला आहे. जे दिले त्याची मागणी वाढते आहे, निदान वाढायला हवी. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प, चेन्नईच्या आयआयटीतले ‘एआय४भारत’, मुंबईच्या आयआयटीत झालेले मराठी शब्दजालाचे काम, या सगळ्यांना भाषा जाणणारी माणसे लागतात. ती कला शाखेतून येणार की विज्ञान शाखेतून, याचे उत्तर आपल्या पद्धतीत दोन्हीकडून नाही असेच येते.

भाराभर चिंध्यांची म्हण खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. तिन्हींत वरवरची हौस असेल तर ती अगदी लागू पडते. यंत्राला चार शब्द सांगून ‘भूपाळी’ नावाचे काहीतरी करवून घेणे म्हणजे संगीताची आवड नव्हे. रागातला गंधार कसा लागतो हे गुरूसमोर बसून शेकडो वेळा चुकल्याशिवाय कळत नाही. पण म्हणीचा सल्ला चिंध्या टाकून द्या असा नाही, धड काहीतरी करा असा आहे. आफाक हुसेन खाँसाहेबांच्या ‘नाही’चा अर्थ लावायला किप्पेन यांना स्वतः तबला वाजवावा लागला.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल व्यासपीठावर कोणी बोलत नाही. ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव आहे, गाव आहे, ती काय काम करते, कोणत्या समाजाची आहे हे आहे, पुष्कळींची छायाचित्रे आहेत. ओवी कोणाची हे विचारल्यावर बोट दाखवता येते. भाषायंत्रांच्या पोटात गेलेल्या मजकुराचे तसे नाही. तिथे नावे विरघळतात. मुळशीतल्या बाईने पहाटे दळताना, ऐकायला कोणी नाही अशा खात्रीने सासरच्यांबद्दल जे म्हटले, ते उद्या कोण्या कंपनीच्या यंत्राने लग्नाच्या चित्रफितीला पार्श्वसंगीत म्हणून गावे काय? मला वाटते, तिला विचारल्याशिवाय नाही, आणि ती हयात नसेल तर तिच्या गावाला विचारल्याशिवाय नाही. कायद्यात याचे सरळ उत्तर सापडणार नाही, कारण लोकगीताला एकच एक कर्ता नसतो. हे उत्तर घडवायलाही त्याच विद्यार्थिनीची गरज लागणार आहे, कारण काय घेतले जाते आहे हे तिलाच कळेल.

तूर्त तिच्यापुढे करण्यासारखे एक लहान काम आहे. पिठाची गिरणी गावोगाव पोचली आणि जाते थांबले. त्याआधीचे सूर आता बहुतांशी ध्वनिफितींतच उरले आहेत. अशी फीत स्वच्छ करण्यासाठी आवाज गाळणारी यंत्रे सर्रास वापरली जातात. ती माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकीचा गोंगाट पुसतात. जात्यावर बसून गायलेल्या ओवीत एकसारखी घरघर असते. पाळूच्या फेऱ्याबरोबर ती चढते, उतरते, घास टाकताना जड होते, आणि ओवीची लय त्या फेऱ्यावर बसलेली असते. बाईचा श्वास कुठे तुटावा हे जाते ठरवते. यंत्राला ती घरघर गोंगाट वाटते आणि ते ती पुसून टाकते.